पन्नास ग्रॅम भाजी

पहिली ते पाचवीतल्या मुलाच्या दुपारच्या जेवणात 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ किंवा कडधान्य आणि 50 ग्रॅम भाजी असली पाहिजे. पोषण आहाराचा हा तक्ता आमच्या शाळेच्या स्वयंपाकघराबाहेर लावलेला आहे. तांदूळ पोत्यातून येतो, डाळीचंही तसंच. भाजी मात्र रोजची रोज मिळवावी लागते आणि लहान गावात तेच अवघड असतं. आमचं गाव जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेर तालुक्यातलं. आठवडी बाजार शेजारच्या गावी भरतो. बाजारानंतरचे दोन दिवस हिरवी भाजी असते, मग ती संपते आणि पुढच्या बाजारापर्यंत स्वयंपाकीण मावशींच्या हाताशी बटाटा आणि कांदा एवढंच उरतं. श्रावणात भाव चढले की तेही हात राखून.

त्या तक्त्यातल्या तिसऱ्या ओळीसाठी आम्ही परसबाग करायला घेतली. मला हे आधीच सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावरूनच ठरत गेलं. शाळेच्या आवारात चार गुलाब, रंगवलेल्या विटांची कड आणि झाडांच्या नावांच्या पाट्या हेही छान दिसतं, मुलांना आवडतंही. पण परसबाग म्हणजे जिची भाजी ताटात येते ती. घरामागच्या परसात आपल्या आज्या जे लावत आल्या, ते संध्याकाळच्या कोरड्यासाला उपयोगी पडावं म्हणूनच. शाळेनेही तोच हिशोब धरावा असं माझं ठाम मत आहे.

शाळा दोन शिक्षकी. पटावर साठ मुलं. बहुतेकांच्या घरी कपाशी, ज्वारी, बाजरी. काहींच्या घरी शेत नाही, आईवडील दुसऱ्यांच्या शेतात निंदणी-वेचणीला जातात. इमारतीच्या मागे रिकामी जागा होती, बांधकामाच्या वेळी मुरूम टाकून सपाट केलेली. ती दाखवल्यावर पाचवीतला एक मुलगा पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत म्हणाला, “मॅडम, हाई मुरूम शे. आठे काहीच उगत नही.” त्याचं म्हणणं खरं होतं. म्हणून सुरुवात बियाण्यापासून न करता मातीपासून केली.

मुलांना सांगितलं, घराजवळची, शेतातली, नदीकाठची, जमेल तिथली मूठभर माती आणा. दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात मातीच्या पुड्यांची रांग लागली. प्रत्येक माती थोडी ओली करून तिची वळी करायची आणि ती बोटाभोवती वळवून अंगठी करायची. शेतातल्या काळ्या मातीची अंगठी न तुटता गोल झाली, वाळल्यावर दगडासारखी घट्ट बसली. बोरी नदीकाठच्या पोयट्याची वळी झाली, पण वाकवताना तिला भेगा गेल्या. आमच्या मागच्या मुरमाची वळीच होईना. मग प्लास्टिकच्या बाटल्यांत माती आणि पाणी घालून हलवून ठेवलं. मुरमाच्या बाटलीत खडे लगेच तळाला बसले आणि वरचं पाणी निवळलं. काळ्या मातीच्या बाटलीतलं पाणी दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळीही गढूळच होतं. काळी जमीन पाणी धरून का ठेवते आणि उन्हाळ्यात तिला पाय अडकेल एवढ्या भेगा का पडतात, हे त्या दोन बाटल्यांपुढे उभं राहून मुलांनी आपापसात बोलून काढलं. मला फक्त बारीक कण पाण्याने फुगतात आणि वाळल्यावर आकसतात एवढं सांगावं लागलं.

नुसती काळी माती आणून पसरली असती तर वाफे पावसात चिखल आणि मार्चमध्ये फरशी झाले असते. मुरूम एकटा नापीक, पण त्यातून निचरा चांगला होतो. तेव्हा दोन्ही एकत्र करायचं ठरलं. उन्हाळ्यात आमच्याकडचे शेतकरी पाझर तलावातला गाळ ट्रॅक्टरने शेतात नेतात. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना 2017 मध्ये सुरू झाली तेव्हापासून हे काम जास्त दिसू लागलं. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय काढला आणि एका पालकाने आपल्या फेऱ्यांमधल्या दोन ट्रॉल्या शाळेमागे रिकाम्या केल्या. पैसे घेतले नाहीत.

शेणखताचं मुलांकडूनच शिकायला मिळालं. उकिरडा सगळ्यांच्या घरी, पण कोणता खड्डा कुजलेला आणि कोणता अजून कच्चा हे त्यांना हात घालून कळतं. कुजलेलं खत गरम लागत नाही, त्याला शेणाचा वास राहत नाही, पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. कच्चं टाकलं की हुमणी येते, हे चौथीतल्या एका मुलीने मला पांढऱ्या वळलेल्या अळीचं चित्र काढून दाखवलं. घमेल्याघमेल्याने खत आलं. गाळ, मुरूम आणि खत कुदळीने एकत्र करणं हे मोठ्यांचं काम होतं. त्याला पालक आले, आमचे मुख्याध्यापक सर आले. ढेकळं फोडायला सगळी शाळा होती.

आता जागा किती लागेल? हा प्रश्न फळ्यावर लिहिला. साठ मुलं गुणिले 50 ग्रॅम, म्हणजे 3,000 ग्रॅम. एका जेवणाला तीन किलो भाजी. एक चौरस मीटर वाफ्यातून मेथी पाऊण ते एक किलो निघते, तेव्हा एका जेवणाला चार चौरस मीटरचा वाफा. मेथी पेरल्यापासून साधारण महिन्याने काढायला येते. आठवड्यातून एकदा मेथी हवी असेल तर आठवड्याला एक वाफा पेरत गेलं पाहिजे, आणि चार वाफ्यांची पाळी फिरत राहिली पाहिजे. पाचवीच्या वर्गाने हे सगळं दोरी घेऊन जमिनीवर आखलं. गुंठा त्यांना घरून माहीत होता, चौरस मीटर पुस्तकातून. 33 फूट गुणिले 33 फूट दोरी ताणून गुंठा केला आणि मग मीटरच्या पट्टीने मोजला, तेव्हा दोन्ही मापं एकाच जमिनीची आहेत हे त्यांना पटलं. क्षेत्रफळाचा धडा मी त्या वर्षी वर्गात शिकवलाच नाही, तिथेच झाला.

या गणिताने आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. रोज तीन किलो भाजी एवढ्या जागेतून निघणार नाही. आठवड्यातले दोन दिवस बागेने सांभाळायचे, बाकी बाजार. मुलांना हे आकडे आधीच ठाऊक असल्यामुळे कोणी हिरमुसलं नाही. पुढे दुसऱ्या शाळांतले शिक्षक विचारतात, काय काय लावलं? मी त्यांना आधी पट विचारते.

काय लावायचं हे महिना पाहून ठरवावं लागतं. जूनच्या मध्यात शाळा उघडते, पण तेव्हा पाऊस आलेला असेलच असं नाही, आणि मेथीला तर जोराचा पाऊस सोसतच नाही, कोवळी रोपं मातीने लडबडून सडतात. म्हणून पावसाळ्यात पोकळा, अंबाडी, भेंडी, गवार, चवळी, कुंपणावर गिलके आणि दोडके. दसऱ्यानंतर मेथी, पालक, शेपू, कोथिंबीर. पावसाळी वाफे जमिनीपासून वीतभर उंच केले, पाणी निघून जावं म्हणून. हिवाळ्यातले वाफे उलट, कडा उंच आणि मध्ये खोलगट, म्हणजे दिलेलं पाणी तिथेच मुरतं. एकाच बागेत दोन तऱ्हेचे वाफे का, हे पाहुणे विचारायचे तेव्हा तिसरीतली मुलंसुद्धा उत्तर द्यायची.

पोकळा सगळ्यात आधी हाताशी आला. बी एवढं बारीक की चिमटीतून एकाच जागी पडतं. मावशींनी ते बी राखेत कालवून दिलं. राखेमुळे कुठे पडलं, कुठे राहिलं हे दिसतं. मुलांनी एका रांगेत बसून चिमटीचिमटीने फेकलं, वरून बारीक खत भुरभुरलं. थोड्याच दिवसांत लालसर-हिरवी लव दिसू लागली आणि पहिलीतली मुलं रोज शाळा भरण्याआधीच मागे पळू लागली.

बकऱ्या आल्या त्याच आठवड्यात. मी पाढे घेत होते. मागून ओरडा झाला, “मॅडम, बकऱ्या उन्यात!” आम्ही पोचेपर्यंत दोन वाफे खुडून झाले होते. मुलं रडवेली झाली. बकऱ्या ज्यांच्या होत्या ते आजोबा आमच्याच दोन विद्यार्थ्यांचे. त्यांना बोलावून रागावणं सोपं होतं, पण चाऱ्याची ओढाताण असते तेव्हा बकरी हिरव्याकडे जाणारच. सरांनी त्यांना चहा पाजला आणि ठरवलं ते असं: निंदलेलं गवत, विरळणीची रोपं, भाजी निवडल्यावरचे देठ, सगळं रोज फाटकाजवळ ठेवायचं, ते आजोबांनी न्यायचं. बदल्यात त्यांनी वाड्यातलं लेंडीखत द्यायचं. लेंडीखत शेणखतापेक्षा कसदार आणि वाफ्यात पसरायलाही सोपं. कुंपणासाठी बाभळीच्या काट्याही त्यांनीच तोडून आणल्या. आता एखादी बकरी चुकून आत शिरली तर मुलांच्या आधी तेच धावतात.

पाण्याचं गणित सगळ्यात कठीण. जिल्ह्याचा पाऊस वर्षाला सरासरी 700 मिलिमीटरच्या आतबाहेर, तोही मोजक्या दिवसांत पडून जातो. गावात नळाला पाणी काही दिवसांआड येतं. पिण्याच्या टाकीतलं पाणी बागेला घालायचं नाही, हा नियम आम्ही पहिल्याच दिवशी केला. मग पाणी कुठून? जेवणाआधी हात धुणं आणि जेवणानंतर ताट धुणं, यात किती पाणी जातं ते मुलांनी मोजलं. नळाखाली बादली ठेवून एकेकाने धुतलं. एका मुलामागे साधारण लिटरभर. म्हणजे रोज साठ लिटर पाणी गटारात जात होतं. त्या नळांपासून एक चारी काढून ते शेवगा, पपई आणि केळीच्या आळ्यांत सोडलं. साबणाचं पाणी पालेभाजीच्या वाफ्यात जाऊ द्यायचं नाही. पालेभाजीला तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी, आणि पालकांच्या विहिरीवरून आणलेलं पाणी.

आणि घागरी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे घरोघरी नवी घागर भरून पुजतात, मग उन्हाळाभर तीच पिण्याच्या पाण्याला राहते. पुढच्या वर्षी नवी येते आणि जुनी कोपऱ्यात पडते. मुलांना त्या जुन्या घागरी आणायला सांगितलं. मातीची घागर गळ्यापर्यंत जमिनीत पुरून पाण्याने भरली, तोंडावर झाकण ठेवलं, की तिच्या अंगातून पाणी हळूहळू पाझरतं आणि भोवतीच्या वेलांच्या मुळांना मिळतं. वरून पाणी दिलं की बरंचसं उन्हात उडून जातं, इथे ते होत नाही. पण जुन्या घागरींची एक अडचण असते. क्षाराने त्यांची छिद्रं बुजलेली असतात. म्हणून प्रत्येक घागर भरून सावलीत ठेवली आणि बाहेरून हात लावून पाहिला. बाहेरचं अंग ओलसर आणि गार लागलं ती पास. कोरडी राहिली ती नारळाच्या शेंडीने घासून पुन्हा तपासायची, तरी कोरडीच असेल तर तिच्यात कोथिंबीर लावायची. दुसरीच्या मुलांनी हे काम एवढ्या मनापासून केलं की बाष्पीभवनाने गारवा का येतो हे त्यांच्या हातालाच समजलं.

भेंडीला पानं फुटली आणि पानांच्या मागे हिरवे, तिरके चालणारे बारीक किडे दिसू लागले. मी पुस्तक शोधत होते तोवर एक मुलगी म्हणाली, “हाई ते कपाशीवरलाच तुडतुडा शे.” भेंडी, अंबाडी आणि कपाशी एकाच कुळातल्या. शाळेच्या बांधाला लागून कपाशी असल्यावर तिचे पाहुणे इकडे येणारच. त्या दिवशी मुलांनी तिन्हींची फुलं आणून शेजारी शेजारी ठेवली. पाच पाकळ्या, मधोमध पुंकेसरांची नळी, तिन्हींत तीच ठेवण. वनस्पतींची कुळं फुलावरून ओळखतात हे वरच्या वर्गांत येतं, पण समोर फुलं असल्यावर चौथीलाही कळतं.

फवारणीचं काय करायचं यावर पालकांमध्ये दोन मतं होती. घरी कपाशीसाठी आणलेलं औषध थोडं मारून टाकू, असं काहींचं म्हणणं. मी त्याला साफ नकार दिला. ही भाजी मुलं त्याच आठवड्यात खातात, आणि मुलं दिवसभर त्या वाफ्यांत वावरतात. पावसाळ्याच्या तोंडाला कडुनिंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडलेला असतो, तो मुलांनी वेचून वाळवला होता. 10 लिटर पाण्याला अर्धा किलो निंबोळीचा कुट्टा, रात्रभर भिजवायचा, फडक्यातून गाळायचा, थोडा साबणाचा चुरा टाकायचा आणि संध्याकाळी फवारायचा. फवारणी आम्ही शिक्षकच करायचो. सोबत पिवळ्या पत्र्याला एरंडेल लावून टांगलं, पांढरी माशी त्याला चिकटते. तुडतुडा पूर्ण गेला नाही. भेंडी मिळायची तेवढी मिळाली.

बांधाच्या पलीकडच्या कपाशीवर फवारणी होते तेव्हा वारा आपल्याकडे असेल तर औषध वाफ्यांवर येतं. हे मी शेतमालकाला जाऊन सांगितलं. भांडण नाही, विनंती. ते आता आदल्या दिवशी निरोप देतात. आम्ही आदल्या दिवशीच भाजी काढून घेतो, बांधाजवळचे वाफे जुन्या साड्यांनी झाकतो आणि पुढचे काही दिवस त्या बाजूची भाजी तोडत नाही. त्यांनी शाळेकडच्या काही ओळी फवारणीविना ठेवायचंही कबूल केलं. मला हा माणूस मोठा वाटतो.

आता त्या तीन किलोंकडे येते. दसऱ्यानंतर पेरलेली मेथी पहिल्यांदा काढली तो दिवस. मुलांनी मुळासकट उपटून जुड्या बांधल्या, मावशींच्या काट्यावर ठेवल्या. काटा तीन किलोच्या थोडा पुढे गेला आणि टाळ्या पडल्या. मग मुळं तोडली, माती झटकली, जाड देठ काढले, पिवळी पानं बाजूला केली. ओसरीवर गोल करून सगळी मुलं निवडायला बसली होती, बोटं हिरवी झाली होती. निवडलेली मेथी पुन्हा काट्यावर ठेवली तर दोन किलोही भरेना. सगळे गप्प. पाचवीतल्या मुलांनी वही उघडली आणि भागाकार केला. प्रत्येकाच्या वाट्याला 32 ग्रॅमच्या आसपास. “मग पन्नास ग्रॅम निवडलेली का बिननिवडलेली?” हा प्रश्न एका मुलाने विचारला आणि तो विचारायलाच हवा होता. पोटात जाते ती निवडलेली. म्हणजे चार चौरस मीटर पुरत नाहीत, सहा लागतील.

मावशींचं म्हणणं वेगळं. त्यांनी देठांच्या ढिगातून कोवळे देठ परत उचलले आणि बारीक चिरून वरणात टाकले. पोकळ्याचे कोवळे देठ तर पानांबरोबरच शिजतात, त्यात वाया फारसं जात नाही. पालकाचंही तसंच. मुलांनी तेव्हापासून ‘भाजीची वही’ ठेवली. तारीख, कोणता वाफा, काढली तेव्हाचं वजन, निवडल्यावरचं वजन. या वहीवरून मुलांनीच ठरवलं की मेथीचे वाफे कमी करून पालक वाढवावा, कारण पालक कापला की पुन्हा फुटतो आणि एकाच पेरणीत तीन-चार तोडे देतो. मला मेथी आवडते म्हणून मी मेथीची बाजू घेतली होती. आकडे त्यांच्या बाजूने होते.

खाण्याचं म्हणाल तर एका दिवसात कोणी बदललं नाही. खिचडीतली हिरवी पानं ताटाच्या कडेला लावणारी मुलं होती, आजही आहेत. पण अंबाडी सगळ्यांनी उचलली. मावशी ती तांदळाच्या कण्या आणि डाळ घालून शिजवतात, वरून लसणाची फोडणी. आंबट चव मुलांना घरचीच आहे. शेवग्याचा पाला आधी कोणी ओळखत नव्हतं, तो वरणात मिसळून गेला. शेवगा मला प्रत्येक शाळेत हवासा वाटतो. एकदा धरला की पाणी मागत नाही, बी लावल्यापासून आठ-दहा महिन्यांत शेंगा येतात आणि पाला तर त्याआधीच मिळू लागतो.

वाफे वाटताना आम्ही इयत्तेप्रमाणे वाटले नाहीत. पहिली ते पाचवीतलं एकेक मूल घेऊन गट केले. कारण कापूस वेचणीच्या दिवसांत मोठी मुलं शाळेत कमी येतात, घरी लहान भावंडं सांभाळतात किंवा शेतात जातात, आणि काही घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला निघतात. पाचवीचा वाफा फक्त पाचवीचा असता तर तो त्याच दिवसांत वाळला असता. वाफ्याला रोजची दहा मिनिटं, प्रार्थनेनंतर लगेच. त्यातही पाणी, निंदणी आणि वही अशी तीन कामं फिरती. आठवड्यातला एखादा तास देऊन बाग होत नाही, ती रोज पाहावी लागते.

वांग्याचं सांगायचं राहिलं. खान्देशात परसबाग केली आणि भरताची वांगी लावली नाहीत असं होणारच नाही. जळगावच्या भरीत वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच वर्षी जळगावच्या केळीलाही. मोठं, फिकट हिरवं, बी कमी, साल पातळ. एका पालकाच्या नातेवाइकांकडून बी मिळालं. आषाढात रोपं टाकली, पावसाच्या उघडिपीत लागण केली आणि थंडी पडली तेव्हा फळं धरली. शेंडा पोखरणाऱ्या अळीने त्रास दिला, सुकलेला शेंडा दिसला की तो अळीसकट खुडून जाळायचा हे काम मुलांनी नेमाने केलं.

डिसेंबरात शाळेत भरीत झालं. पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडांचा जाळ, त्यावर वांगी. साल काळी होऊन फुटते आणि आतून रस बाहेर येऊन निखाऱ्यावर चुर्र होतो, तेव्हा जो वास सुटतो तो गावभर गेला. दोन आयांनी घरून लाकडी बडगी आणली, त्यात भाजलेल्या मिरच्या, लसूण आणि वांगी ठेचली. वरून शेंगदाणे, पातीचा कांदा, कोथिंबीर. कळण्याच्या भाकरी गल्लीगल्लीतून आल्या. आमच्या झाडांवरची वांगी साठ मुलांना आणि जमलेल्या पालकांना पुरण्याजोगी नव्हती, निम्म्याहून जास्त विकत आणली. तरी आपल्या गटाचं वांगं कोणतं हे मुलं भाजताना बोट दाखवून सांगत होती. सगळ्यात चांगल्या दोन झाडांवरची फळं तोडली नाहीत. ती पिवळी पडेपर्यंत ठेवली, मग कापून बी पाण्यात चोळून काढलं, राखेत कालवून सावलीत वाळवलं. ते बी कपाटात आहे.

खरी कसोटी मे महिन्यात. पारा 44-45 अंशांवर जातो, शाळा बंद, नळाला पाणी आणखी लांबलेलं. शाळेच्या बागा बहुतेक इथेच संपतात. आम्ही उन्हाशी झगडायचं नाही असं ठरवलं. एप्रिलअखेर पालेभाजीचे सगळे वाफे रिकामे केले, खणून उघडे टाकले. खान्देशचं ऊन जमिनीतल्या किडींचे कोष आणि बुरशी मारायला उपयोगी पडतं, शेतकरी उन्हाळी नांगरट करतात ती याच कारणाने. शेवगा, पपई आणि कढीपत्त्याच्या बुंध्याशी गव्हाच्या भुशाचं जाड आच्छादन केलं. आणि आखाजीच्या दिवशी, जुन्या रीतीप्रमाणे, वेलांची आळी केली. त्यात गंगाफळाचं, म्हणजे लाल भोपळ्याचं बी, मध्ये पुरलेली घागर, वर जुन्या साडीची सावली.

गंगाफळ आखाजीलाच का, याचं कारण मला गावातल्या बायांनी सांगितलं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशची देवी कानबाई घरोघरी बसते, तिच्या रोटाच्या जेवणात गंगाफळाची भाजी लागते. जूनमध्ये लावलेलं फळ तोवर पिकत नाही, त्याला तीन महिने तरी हवेत. शाळेजवळ राहणाऱ्या मुलांनी सुटीत पाळ्या लावून घागरी भरल्या. घागर रोज भरावी लागत नाही, तीन-चार दिवसांनी एकदा, म्हणून ते जमलं. काही वेल जळाले. जे तगले ते पहिल्या पावसात असे पसरले की स्वयंपाकघराच्या पत्र्यावर चढले. कानबाईच्या आधी फळं उतरवली. गावात काही घरी फोडी करून दिल्या, बाकीची मावशींनी चण्याची डाळ घालून शाळेत शिजवली. त्या दिवशी वहीत वजनापुढे मुलांनी लिहिलं: एका मुलामागे 70 ग्रॅम, साल काढून.

सध्याची स्थिती अशी. पावसाळा आणि हिवाळ्यात आठवड्याचे दोन दिवस बाग भाजी पुरवते, कधी तिसराही. उन्हाळ्यात फक्त शेवगा. ग्रामपंचायतीकडे शाळेच्या छपराचं पाणी साठवायला टाकी मागितली आहे, अर्जाबरोबर मुलांनी छपराची लांबी-रुंदी मोजून काढलेला आकडाही जोडला आहे. शेजारच्या वस्तीवरच्या शाळेला अंबाडीचं आणि पोकळ्याचं बी दिलं, त्यांचा पट सतरा आहे, त्यांना दोन वाफेसुद्धा पुरतील. दसऱ्यानंतर पालकाचा आणखी एक वाफा टाकायचा आहे. त्याची जागा मुलांनी दोरी लावून धरून ठेवली आहे, नवीन पहिलीतल्या मुलांना कोणत्या गटात घ्यायचं एवढंच ठरायचं आहे.